सोसायटीत आणि हॉलमध्ये स्टॉल लावून ट्रॅव्हल बॅगा खपतात का? माझा बारा वर्षांचा अनुभव

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ताई चिंचवडला राहतात, घरी दोन मशीन, एक कारागीर, डफल बॅगा (बिनचाकांच्या कापडी प्रवासी बॅगा) आणि छोटे ऑर्गनायझर (बॅगेतलं सामान वेगवेगळं ठेवायच्या पिशव्या) शिवतात. ऑनलाइन जाहिरातीत दोन महिने पैसे घातले, बॅगा गेल्या, पण कुरिअर आणि परत आलेला माल धरला तर हातात काहीच उरलं नाही. आता एक जण म्हणतोय मॉलमध्ये तीन महिन्यांचा कियॉस्क, म्हणजे मोकळ्या जागेतलं छोटं दुकान, घ्या, दुसरी मैत्रीण म्हणतेय सोसायटीत, हॉलच्या प्रदर्शनात एक-दोन दिवसांचे स्टॉल लावा. तर अशा छोट्या स्टॉलवर हजार-दीड हजाराची बॅग खरंच जाते का, आणि सुरुवात कुठून करायची.

जाते. मी पुण्यात बारा वर्षं हेच करतेय आणि घर यावरच चाललंय. पण माझं पहिलं प्रदर्शन ऐकाल तर धीर सुटेल. कर्वे रोडवरचा हॉल, दोन दिवस, ऐंशी बॅगा घेऊन गेले आणि सहा विकल्या. त्यातल्या तीन नणंदेनं आणि तिच्या मैत्रिणींनी घेतल्या, म्हणजे खऱ्या तीनच. शेजारची कुर्तीवाली दुपारपर्यंत अर्धा माल विकून मोकळी, पलीकडे चकली-चिवडावाल्या काकूंना तर बसायला फुरसत नव्हती, आणि मी आपली बॅगांवरची धूळ पुसत उभी. बायका यायच्या, चेन उघडायच्या, आत हात घालायच्या, छान आहे हो म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

त्यांच्या मनात काय चाललेलं असतं ते मला दोनेक वर्षांनी कळलं, तेही एका काकांनी तोंडावर विचारलं म्हणून. "चेन गेली तर तुम्हाला शोधायचं कुठं?" बास. चिवडा खवट निघाला तर शंभर रुपये गेले, कुर्ती नाही आवडली तर कामवालीला दिली, पण बॅग ऐन प्रवासात, बसमधून उतरताना उसवली तर माणूस आयुष्यभर शिव्या घालतो. दोन दिवसांच्या मांडवातली बाई तिसऱ्या दिवशी तिथं नसणार हे सगळ्यांना माहीत असतं. आठवडी बाजारात बघा, लोक त्याच जागेवरच्या त्याच माणसाकडून घेतात, तो पुढच्या आठवड्यात तिथंच भेटणार म्हणून. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवार भरतो, तिथंही नेहमीचं गिऱ्हाईक ठरलेल्या माणसाकडेच जातं.

म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं, पंधरा ठिकाणी एकेकदा जाऊ नका, पाच ठिकाणी तीन-तीनदा जा. जमलं तर हॉलमध्ये तोच कोपरा मागून घ्या. पहिल्या खेपेला तोटा झाला तरी दुसऱ्यांदा जा, कारण पहिल्या खेपेला बघून गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेतं. हे माझ्या वहीत इतक्यांदा दिसलंय की आता पहिल्या खेपेच्या विक्रीवर मी जागेची परीक्षाच करत नाही.

आता पक्कड. स्टॉलवर माझ्या टेबलाच्या कडेला एक पक्कड, रनरचा (चेनवर मागे-पुढे सरकतो तो तुकडा) डबा, सुई-दोरा आणि मेणबत्तीचा तुकडा असतो. समोर पाटी, "कुठल्याही बॅगेची चेन बघून देऊ, फुकट." कुठल्याही म्हणजे माझ्याकडून घेतलेली नसली तरी. प्रवासी बॅगेची चेन बिघडते म्हणजे दहातल्या सात-आठ वेळा चेन चांगलीच असते, रनर सैल झालेला असतो. ओढून ओढून त्याचं तोंड उघडतं, मग तो नुसता सरकतो, मागे दात मिटत नाहीत, आणि लोक म्हणतात चेन गेली. रनर चेनच्या सुरुवातीला आणायचा, मागच्या बाजूनं एका कडेला पकडीनं जरासं दाबायचं, मग दुसऱ्या कडेला तेवढंच, ओढून बघायचं, नाही मिटली तर अजून किंचित. दोन मिनिटांचं काम. घट्ट सरकत असली तर मेणबत्ती फिरवायची. समोरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो हो, तो ती बॅग टाकून द्यायच्या बेतात असतो.

एकदा सहकारनगरच्या एक काकू नवऱ्याची वीस वर्षांची जुनी रेक्झिनची बॅग घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरून आणली. रनर दाबून दिला, पैसे घेतले नाहीत, त्यांनीही काही घेतलं नाही, मी विसरूनही गेले. दीड महिन्यानं फोन, आमच्या मंडळाच्या चोवीस जणी चारधामला चालल्यात, सगळ्यांना एकसारख्या बॅगा हव्यात, पण रंग असा द्या की बसच्या डिकीत लांबून ओळखू येईल. चोवीस बॅगा! त्या वेळी माझ्या चार स्टॉलची मिळून तेवढी विक्री व्हायची. आणि त्या भगव्या-पिवळ्या बॅगा घेऊन त्या जिथं जिथं गेल्या तिथं बाकीच्या ग्रुपनं विचारलं, कुठून घेतल्या. जाहिरातीत किती पैसे घातले असते सांगा मी त्यासाठी.

दुसरी गोष्ट, बॅग रिकामी टांगू नका. कापडी डफल रिकामी असली की ती वाळत घातलेल्या पोत्यासारखी दिसते, कितीही भारी कापड असू दे. वर्तमानपत्रं कोंबून उभी केली तर बरी दिसते पण तेवढ्यानं भागत नाही, कारण माणसाच्या डोक्यात प्रश्न एकच असतो, माझे किती कपडे मावतील. मी खरे कपडे नेते. तीन कुर्ते, दोन जीन्स, टॉवेल, एक साडी, चपलांचा जोड, औषधांचा डबा. कुणी बॅगेला हात लावला की बोलत बोलत भरायला घेते, बडबड कमी आणि हात जास्त चालवायचे, सगळं आत गेलं की चेन लावून बॅग त्यांच्याच खांद्यावर अडकवायची. एकदा भरलेली बॅग खांद्यावर गेली की भाव विचारतातच.

आणि खोका. हा माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा सेल्समन. जाड पुठ्ठ्याचा, आतून मापाचा, ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर. बेरीज ११५. इंडिगोची केबिन बॅगेची मर्यादा हीच आहे आणि वजन ७ किलो. वाकड, बाणेर, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये अर्ध्या लोकांचं येणं-जाणं विमानानं, ते येऊन विचारतात ही केबिनमध्ये चालेल का, मी काही बोलत नाही, भरलेली बॅग उचलते आणि खोक्यात घालते. पोरं तर घरून स्वतःच्या बॅगा आणून घालून बघतात. शेजारी हुकवाला वजनकाटा ठेवा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. चाकांची छोटी ट्रॉली रिकामी असतानाच अडीच-तीन किलोची भरते, म्हणजे सातातले चारच किलो सामानाला उरले, माझी डफल सातशे ग्रॅमची आहे. हे तोंडानं सांगितलं तर जाहिरात वाटते, काट्यावर त्यांच्याच हातानं टांगायला लावलं की पटतं. ट्रॉलीला नावं ठेवू नका मात्र, त्यांच्या घरी चार असतात, उलट म्हणा ट्रॉली चेक-इनला द्या आणि ही वर ठेवा.

ट्रॉलीवरून आठवलं, वही ठेवा. काय विकलं ते क्यूआरच्या हिशोबात असतंच, काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते लिहा. माझ्या वहीत एका मोसमात सतरा वेळा आलं, "ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायला पट्टी आहे का?" मागच्या बाजूला कापडाची आडवी पट्टी शिवायची, वर-खाली उघडी, दांडा त्यातून जातो. आमच्या मास्टरनं त्यात खाली एक चेन लावली, चेन बंद केली की तोच खिसा होतो. बॅगेमागे वीस-बावीस रुपये वाढले, मी किंमत शंभरानं वाढवली आणि त्यावर एकानंही तक्रार केली नाही. हे मला घरी बसून सुचलं नसतं.

गिऱ्हाईक भागाप्रमाणे बदलतं हे लक्षात घ्या. आयटीवाल्या सोसायट्यांत लॅपटॉपचा कप्पा आणि केबिनचं माप. कोथरूड, सहकारनगरसारख्या जुन्या भागात ज्येष्ठ मंडळी, त्यांना हलकी, रुंद पट्ट्याची, बाहेर औषधाचा खिसा असलेली आणि चेनच्या टोकाला धरायला मोठी दोरी असलेली हवी, संधिवाताच्या बोटांना बारका पुलर पकडता येत नाही. तुमच्याकडे आकुर्डी-चिंचवडला कंपनीत शिफ्टला जाणारे खूप, त्यांच्यासाठी एक दिवसाची डबा-कपड्यांची बॅग करून बघा, मला त्या भागाचा फार अनुभव नाही पण मागणी असावी असं वाटतं.

मोसमाचं गणित वेगळंच असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीचा माल मार्चच्या शेवटच्या दोन रविवारी जातो, मे महिन्यात नाही, मेमध्ये लोक फिरायला गेलेले असतात. जूनमध्ये शाळेच्या दप्तरांपुढे आपल्याला कुणी विचारत नाही. जुलैच्या सुरुवातीला परदेशी शिकायला जाणारी मुलं, त्यांच्या आया ऑर्गनायझर सेट घेतात, एका घरात चार-चार. पितृपक्षात स्टॉल घेऊच नका, मी एकदा हट्टानं घेतला, दोन दिवसांत पाण्याच्या बाटल्याच जास्त रिकाम्या झाल्या. दिवाळीच्या आधी भाडी वाढतात आणि लोक आकाशकंदील-पणत्यांत असतात, तेव्हा मोठी बॅग कमी आणि भेट द्यायला टॉयलेट किट जास्त. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, नवरीची बॅग. आणि अधिक महिना विसरू नका. २०२३ साली अधिक श्रावण होता, जावयाला वाण म्हणून काहीतरी नवीन हवं होतं लोकांना, मी एक पुरुषी रंगाची वीकेंड बॅग, आत छोटी किट असं जोडून ठेवलं, सासूबाई लोकांनी उचललं. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मेपासून. अधिक महिन्यात लग्नं थांबतात पण जावई थांबत नाहीत.

आता पैशाचं बोलू, कारण खरी ठेच इथंच लागते. हॉलमधला दोन दिवसांचा टेबल-स्टॉल मला साधारण सहा हजाराला पडतो, जागेप्रमाणे कमी-जास्त. छोटा हत्ती टेम्पो जाऊन-येऊन १२००. मदतीला मुलगी, दोन दिवसांचे १४००. चहा-नाश्ता, पार्किंग, किडूकमिडूक ४००. झाले ९०००. माझी बॅग मला ६२० ला पडते, विकते १३५० ला. लोक म्हणतात वा, ७३० सुटले. नाही हो. मी जीएसटीत आहे, ट्रॅव्हल बॅगांवर १८ टक्के, म्हणजे १३५० मधले २०६ सरकारचे, उरले ११४४, त्यातून ६२० गेले, हातात ५२४. नऊ हजाराला ५२४ नं भागा, सतरा बॅगा विकल्यावर मी जेमतेम शून्यावर येते आणि अठराव्या बॅगेपासून माझे पैसे सुरू होतात. आणि यात माझ्या स्वतःच्या दोन दिवसांची मजुरी धरलेलीच नाही.

आता सोसायटीचं बघा. रविवारी सकाळी दहा ते दोन, क्लबहाउसबाहेर एक टेबल, भाडं हजार-दीड हजार, कुठं कुठं तर फक्त गणपतीची वर्गणी द्या म्हणतात. स्वतःच्या गाडीत वीस बॅगा मावतात, मदतनीस नको. चार बॅगा गेल्या की खर्च निघाला. म्हणून तुमच्यासारख्या दोन मशीनवाल्यांनी सहा महिने तरी फक्त सोसायट्याच कराव्यात. हॉल नंतर. शिरकाव करायचा तर सेक्रेटरीला मेल पाठवून काही होत नाही, तिथं राहणारं एक गिऱ्हाईक गाठायचं, तिनं महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की दार उघडतं.

मॉलचा कियॉस्क डोक्यातून काढून टाका. तीन महिन्यांचं बांधलेलं भाडं, डिपॉझिट, रोज अकरा-बारा तास कुणीतरी उभं पाहिजे, आणि तुमचा एक कारागीर दिवसाला पाच-सहा बॅगा शिवणार, त्या कियॉस्कला पुरणार कशा? मग लोक बाहेरून तयार माल आणून भरतात आणि आपली बॅग काय नि बाजारातली काय, फरकच उरत नाही.

कागदपत्रांचं भराभर सांगते, बाकी तुमच्या सीएंना विचारा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण गोव्याला किंवा बेळगावला प्रदर्शनात जायचं ठरवलंत तर मामला बदलतो, दुसऱ्या राज्यात तात्पुरता धंदा करायला कॅज्युअल नोंदणी लागते, ती ९० दिवसांची असते, किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. पणजीला चला मज्जा येईल म्हणून मैत्रिणी निघतात आणि हे कुणी सांगत नाही. टेम्पोत डिलिव्हरी चलान, म्हणजे नेत असलेल्या मालाचा कागद, ठेवा. फूटपाथवर, रस्त्याकडेला टेबल टाकायच्या भानगडीत पडू नका, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे, त्याला प्रमाणपत्र लागतं.

भाव करणारे भेटणारच. "काहीतरी कमी करा" याला माझं उत्तर ठरलेलं आहे, किंमत कमी करत नाही, वर एक चपलांची पिशवी देते. कापलेल्या कापडाच्या तुकड्यांतून शिवलेली, मला पंचवीस रुपयांना पडते. एकदा का शंभर रुपये कमी केलेत की शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक ऐकत असतं, आणि पुढच्या खेपेला अख्खी सोसायटी शंभर कमी करूनच बोलायला सुरुवात करते.

मॉडेल चारच ठेवा, रंग तीन. माझ्याकडे एकदा अकरा मॉडेल होते, लोक गोंधळून जायचे, नंतर येतो म्हणायचे. समोर मोहरी रंगाची किंवा मोरपंखी ठेवा, लोक त्या रंगाकडे बघून थांबतात आणि घेताना काळी किंवा निळी घेतात, हे बारा वर्षांत बदललेलं नाही. स्वतःचा पांढरा एलईडी आणि लांब वायर न्या, हॉलच्या पिवळ्या उजेडात काळं कापड मळकट दिसतं.

जागा ठरवताना शेजार विचारून घ्या. एकदा एका आयोजकानं मला शेवटच्या क्षणी तळणाच्या स्टॉलशेजारी ढकललं, आदल्या दिवशी सांगितलेला कोपरा दुसऱ्याला दिला होता. दोन दिवस वडे-भजी. विक्री झाली बरं का, गर्दी तिथंच होती. पण उरलेल्या चाळीस बॅगांच्या अस्तराला असा तेलाचा वास बसला की आठवडाभर गच्चीत उलट्या करून टांगल्या, तरी चार-पाच शेवटी घरातच वापरल्या. पावसाळ्यात तर वास पटकन बसतो, फोमच्या बॅगा जमिनीवर ठेवू नका, खाली फळी हवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर ऑगस्टमध्ये चेन उघडली की बुरशीचा भपकारा येतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे.

पैशाचं एक. बेसमेंटमधल्या हॉलला रेंज नसते, दोन कंपन्यांची सिमं ठेवा, आणि गर्दीत कुणी स्क्रीनशॉट दाखवला तर साउंडबॉक्स बोलेपर्यंत बॅग हातातून सोडू नका, ओशाळायचं नाही त्यात. एकदा फसलेय, १३५० गेले.

प्रत्येक बॅगेत एक कार्ड घाला, त्यावर तुमचा फोन आणि पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही कुठल्या तारखेला कुठं उभ्या असाल ते छापलेलं. वर्षभर चेन-शिलाई मोफत, असं लिहा. घाबरू नका, मला शंभरात चार-पाच बॅगा परत येतात, आणि दुरुस्तीला बॅग घेऊन आलेलं माणूस क्वचितच रिकाम्या हातानं जातं. फक्त त्यासाठी रनर चांगला वापरा, मोठ्या तोंडाला आठ किंवा दहा नंबरची चेन लावा. पुण्यात बोहरी आळीच्या बाजारात फिरलात तर मीटरमागे थोड्याच रुपयांचा फरक दिसेल.

आणि हो, कुठल्याही प्रदर्शनाचे पैसे भरायच्या आधी त्याच हॉलमधल्या दुसऱ्या एखाद्या प्रदर्शनाला जाऊन दाराशी तासभर उभ्या राहा. आत जाणारे मोजू नका, आयोजक तोच आकडा सांगतो. बाहेर येणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या मोजा, आणि त्यात खाण्याच्या किती ते वेगळं लिहा.

पक्कड निमुळत्या तोंडाची घ्या. मोठ्या पकडीनं रनर तडकतो, मग नवीन बसवावा लागतो, आणि तो फुकट द्यावा लागतो.